सर्दीची सोयरीक

आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतच्या रस्त्यावर असे एकही लेकरू नसेल, ज्याच्या पोटाकडे माझ्या व्याह्यांनी, आमच्या बोलीत इवायांनी, टक लावून पाहिलेले नाही. आरोग्य खात्यातून ते निवृत्त झाले. हे खात्याला समजले आहे, त्यांना नाही. कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की नाव-गाव न विचारता ते मुलाचा सदरा वर करतात आणि मिनिटभर श्वास मोजतात. एसटीत हे इतक्यांदा झाले आहे की कंडक्टरच म्हणतो, "भाऊ, पहले पोट्टे पाहून घ्या, मंग तिकीट देतो." माझ्या मुलाच्या मंगल परिणयात वंदना सुरू असताना हे वधूपिता पहिल्या रांगेतून नाहीसे झाले. मंडपामागे, आचाऱ्याच्या नातवासमोर उकिडवे बसलेले सापडले. माझ्या पत्नीने हाक मारली, तेव्हा मान न वळवता म्हणाले, "थांबा बाई, सदतीस झाले. आता बोललो तं पुन्हा एकपासून."

सर्द्या वेगवेगळ्या ठेवणे हे त्यांचे दुसरे वेड. एकाच मुलात दोन विषाणू एका वेळी शिरले, तर त्याला ते सोयरीक म्हणतात. आरमोरीला आमच्या अंगणात शेजारणीची दोन शेंबडी मुले एका पेल्याने पाणी पीत होती. यांनी पेला हिसकावला. "याची सर्दी येगळी, तुही येगळी. सोयरीक काऊन जमवून राह्यले रे?"

शेजारीण घाबरली. "दोन झाल्या तं डबल बिमार पडते का, भाऊ?"

"तसं नाई, बाई. कधी दोन शिरते अन् लेकरू खेळत राह्यते. कधी एकच शिरते अन् डब्बा करून जाते. म्हणून नाव नाई विचारायचं, पोट पाहायचं."

डब्बा म्हणजे आमच्याकडे लहान मुलांचा न्यूमोनिया. मग पेला कशाला हिसकावला, असे मी विचारले. ते तोवर पलीकडच्या घरात शिरले होते.

गेल्या हिवाळ्यात आमची नात आजारी पडली. ती चौदा महिन्यांची होती. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी नाकातला नमुना नागपूरला पाठवला आणि तिला घरी नेण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्यात दोन विषाणूंची नावे होती. सुनेने वडिलांना फोन लावला आणि एवढेच म्हणाली, "बाबा, सोयरीक झाली जी."

डॉक्टरांचा निरोप स्पष्ट होता. दोन नावे पाहून घाबरू नका. श्वास मिनिटाला चाळीसच्या वर गेला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर क्षणभरही थांबू नका. दुपारपर्यंत व्याही येऊन पोहोचले. पायांतल्या वहाणांसह ते नातीजवळ बसले. एक मिनिट झाले. त्यांनी आकडा सांगितला नाही. पुन्हा सुरुवात केली, मध्येच थांबले, उठून खिडकीपाशी गेले, परत आले. तिसऱ्यांदाही तसेच.

"किती?" मी विचारले.

"गिनती चुकून राह्यली, इवाई."

"तुमची?"

"पोट सोडून तोंडच पाहून राह्यलो मी. तुम्ही मोजा."

आयुष्यात मी प्रथमच कोणाचा श्वास मोजला. शेहेचाळीस भरले. मी आकडा सांगेपर्यंत सुनेने नातीला शालीत गुंडाळले होते. गाडीत प्रत्येक गतिरोधकाला व्याही चालकाच्या खांद्यावर हात ठेवत होते.

तीन दिवस तिला ऑक्सिजन लागला. चौथ्या दिवशी नळी निघाली. तिने व्याह्यांकडे पाहिले आणि हसली. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"इवाई," ते म्हणाले, "हे नाक तं आमच्या पोरीच्या मायचं हाय. मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. सुनेने हे त्यांना नात जन्मली त्याच दिवशी सांगितले होते. ते तेव्हा श्वास मोजत होते.