स्थानिक लोकांच्या मते

आयुर्वेद शिकत असताना दोन पावसाळे मी आसेगावच्या एका मावशीमागे रानं हिंडले. दिवसभर निंदण करून ती गावातल्या बाळंतिणींना जडीबुटी द्यायची. एकदा औषधी मुसळीची मुळं उपटायला मी वाकले, तशी तिनं माझा हात धरला.

"बी पडल्याबिगर काढू नको. अन् सारीच नेऊ नको. मांगून येणारालेबी लागते."

तिच्याकडून शिकलेलं मी प्रबंधात लिहिलं. त्याचं पुस्तक झालं, कौतुक झालं, रिसोडला माझा दवाखाना उभा राहिला.

पुढं एकदा ग्रंथालयात इंग्रजांच्या काळातलं वनस्पतींचं पुस्तक चाळत होते. झाडाच्या नावाला साहेबाचं नाव जोडलेलं. औषध सांगणारे मात्र नुसते 'नेटिव लोक'. मला राग आला. घरी येऊन माझं पुस्तक उघडलं. मी लिहिलं होतं, 'स्थानिक लोकांच्या मते'.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आसेगाव गाठलं. मावशी तूर पाखडत होती. तिनं पानावरून हात फिरवला.

"मले वाचता येत नाही. माह्यं नाव कुठी हाये, दाखव."

"लिहिलंच नाही, मावशी. चुकलं माझं."

ती पाखडत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोन वर्सं माह्या घरी जेवली तू."

नव्या आवृत्तीत तिला विचारूनच तिचं नाव घातलं. मुसळी कुठं सापडते, ते तिनं छापू दिलं नाही.

"माह्या सासूचंबी लिव," ती म्हणाली. "तिनंच शिकवलं मले."

"नाव काय त्यांचं?"

मावशीनं आठवून पाहिलं. "आमी आत्याबाई म्हनो." गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणालाच आठवेना. शेवटी मावशीच्या नावाखाली 'यांच्या सासूबाई' एवढंच छापलं.

मावशीला जाऊन तीन पावसाळे झाले. रानातून उपटून आणलेली मुळं मी आता दवाखान्यासाठी घेत नाही. मागच्या अंगणात मुसळीचे वाफे केलेत. त्यांची पानं पिवळी पडू लागली, की ती पाणी कमी पडल्यानं की काढणीची वेळ झाल्यानं, हे मला अजून नीट कळत नाही. तेव्हा वाटतं, आसेगावची गाडी धरावी आणि तिच्या अंगणात उभं राहून हाक मारावी.