खांद्यावरची चार बोटं

ऑफिसात सगळे तिला पडदाबाई म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. एका आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनेच्या शाखेत ती प्रसिद्धीचं काम बघायची. कुणाला विनाचौकशी डांबलं, कुणाला राहत्या घरातून उचलून नेलं, की त्या माणसाची गोष्ट आधी चार पानांत, मग एका पानात, मग चार ओळींत बसवून जगभर पाठवायची, हे तिचं काम. जगाला ओरडून सांगायचं आणि सांगणाऱ्याला मात्र झाकायचं, अशी ती तारेवरची कसरत. याचा चेहरा धूसर करा, तिचा आवाज बदला, मागच्या दारावरचा घरनंबर काढा. तिच्या आईला हे काम शेवटपर्यंत उमजलं नाही. "पेपरात आहे," असं शेजारणींना सांगून ती मोकळी व्हायची. "मग नाव कसं येत नाही कधी?" असं कुणी विचारलंच, तर लेकीकडे रागाने बघायची.

इतकी वर्षं झाकाझाक केल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच हिचंही झालं. भाचीच्या लग्नाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी हिने एकेकाला फोन करून परवानगी घेतली. "मावशी, तुमची हरकत नाही ना?" मावशी उखडल्या. "अगं, नटूनथटून मुद्दाम पुढे उभी राहिले ती कशाला?" घरच्यांना वर्षभर हसायला एवढं पुरलं. पण तिचं म्हणणं साधं होतं. फोटो एकदा बाहेर गेला की हातचा गेला, मग कपाळाला हात लावून उपयोग नाही.

तर अशा या बाईकडे एका शाळामास्तरांचं प्रकरण आलं. मास्तर विज्ञान शिकवायचे. गावाबाहेरच्या कारखान्याने नदीचं पाणी नासवलंय, हे त्यांनी वर्गातल्या मुलांकडून तपासून घेतलं आणि चारचौघांत बोलून दाखवलं. पाणी नासवणारे बाहेरच राहिले, बोलणारा आत गेला. आठ महिने झाले, खटला उभा राहत नव्हता.

फोटो घेऊन आले ते मास्तरांचे वडील. निवृत्त बस ड्रायव्हर, पाठ अजून ताठ, बोलण्याआधी डावीउजवीकडे बघायची सवय. फोटोत मास्तर तोंडभर हसत होते आणि शेजारी त्यांची थोरली बहीण उभी होती, भावाच्या खांद्यावर हात टाकून.

"याचा घ्या," म्हातारे म्हणाले, "पण पोरीला काढून टाका. सरकारी कचेरीत आहे ती. एक लेकरू तर गेलं आत. हिच्यापर्यंत येऊ देऊ नका, बाई. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. असं कुणी हात जोडले की पडदाबाईला नाही म्हणता यायचं नाही. तिने बहिणीला कापून काढलं. पण खांद्यावर चार बोटं उरली आणि त्यातल्या एका बोटात चांदीची रुंद अंगठी. आणखी कापावं तर मास्तरांचा कान जात होता. बोटं धूसर करून बघितली, तर शर्टावर काहीतरी सांडल्यासारखं दिसायला लागलं. संघटनेचा नियम असा, की फोटो कापा, झाका, पण त्यात फेरफार करू नका. आपणच खोटं दाखवायला लागलो तर आपल्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि पडदाबाईने नेमकं तेच केलं. बोटं पुसली आणि तिथे शर्टाचं कापड भरलं. दयेपोटी केलेली चूक फार शहाणी असते, करताना ती नियमापेक्षाही बरोबर वाटते.

पोस्टर देशोदेशी गेलं. दोन-तीन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, एक बाई ऑफिसात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. तिने फोनवरचं पोस्टर पुढे धरलं.

"हे तुम्ही केलंत? माझा हात कुठे गेला?"

पडदाबाईने आधी अंगठी बघितली, मग बाईचा चेहरा. "तुमचे वडील म्हणाले होते..."

"काय म्हणाले ते माहितीये. मला काढलंत, बरं केलंत. पण ताई, हा हसतोय कशाने, ठाऊक आहे? फोटोच्या वेळी हा नेहमी गंभीर तोंड करतो, पुढारी असल्यासारखा. म्हणून मी खांद्याला चिमटा काढला. आता बघा, उगाचच हसणारा खुळा दिसतोय." ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "तुरुंगात भेटायला मी जात नाही, तिथे नाव लिहावं लागतं. कोर्टात जात नाही. ऑफिसात त्याचा विषय निघाला की फायलीत डोकं खुपसते. आठ महिने मी त्याची कुणीच नाहीये. एवढी चार बोटं होती त्याच्याजवळ. तीही तुम्ही पुसलीत."

पडदाबाई ओशाळली. लोकांना वाचवता वाचवता आपण त्यांना एकमेकांपासून तोडतोही, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण ही अंगठी तुमच्या कचेरीत सगळे ओळखत असतील."

"शिपायापासून साहेबापर्यंत. तरीही हात परत ठेवा."

"आज हो म्हणू नका. घरी बोला, रात्र जाऊ द्या, उद्या सांगा. आमची पद्धतच आहे तशी."

"तुमच्याकडे हो म्हणायलाही ताटकळावं लागतं वाटतं," ती पुटपुटली, पण गेली.

मग पडदाबाईने परदेशातल्या साहेबाला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की फोटोत फेरफार केलाय आणि तो मी केलाय. साहेबाने तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पण तो नियम तर तूच लिहिला होतास!" आणि त्याने पोस्टर सगळीकडून मागे घेतलं. एवढी शरम तिला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघं आले. रात्रभर वाद झालेला चेहऱ्यांवर दिसत होता.

"हिला समजवा," म्हातारे म्हणाले. "नोकरी गेली तर घर कसं चालायचं?"

"म्हणून तर चेहरा नको म्हणतेय, बाबा. माझ्यात तेवढी हिंमत नाही, मला कळतं. पण तुम्ही मला सांभाळताय आणि तो तिकडे एकटा पडलाय. हात तरी राहू द्या."

म्हातारे खिडकीबाहेर बघत बसले. पडदाबाईने चहा मागवला, तो आला, निवला. शेवटी ते म्हणाले, "राहू दे. पण कुणाचा म्हणून विचारलं, तर घरच्या माणसाचा, एवढंच सांगायचं." तिघांचं तसं ठरलं.

बोटांसह नवं पोस्टर निघालं. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं ते हातात धरून उभी होती आणि म्हातारे सगळ्यांत पुढे. आत पुन्हा पुढची तारीख मिळाली. एका वार्ताहर बाईने पोस्टरकडे बोट दाखवून विचारलं, "हा हात कुणाचा?"

"घरच्या माणसाचा," पडदाबाई ठरल्याप्रमाणे म्हणाली.

म्हाताऱ्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते रस्त्यापलीकडे बघत होते. झेरॉक्सच्या दुकानापाशी त्यांची लेक उभी होती, कचेरीतून सटकून आलेली. पर्स छातीशी धरून, रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसांची गंमत बघावी तशी इकडे बघत. तिने तसंच उभं राहावं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण ते त्यांना डोळ्यांनी बघवेना.

"ए बाळा," त्यांनी हाक मारली, बसमधल्या मागच्या उतारूला ऐकू जावी एवढी मोठी. "तिकडे काय उभी राहिलीस परक्यासारखी? ये इकडे."

ती जागची हलली नाही. मग एकदम रस्ता ओलांडून आली आणि बापाशेजारी उभी राहिली. कॅमेरा तिच्याकडे वळला, तशी पडदाबाईने भिंगावर तळहात ठेवला.

"थांबा. हिला विचारू द्या आधी." तिने बहिणीकडे वळून हळू आवाजात विचारलं, "सांगायचं? नको असेल तर आत्ता निघून जा, मी बघते यांचं काय ते."

बहिणीने छातीशी धरलेली पर्स खाली घेतली. तिने मान हलवली. हो.

पडदाबाईने भिंगावरचा हात काढला.

"माझी लेक आहे," म्हातारे म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी डावीउजवीकडे बघितलं नाही. "त्याची थोरली बहीण. मला दोन मुलं आहेत, बाई. दोन्ही लिहा."