चिल्ला मत भिया

आमच्या सायबर कॅफेच्या मालकाला एक दिवस साक्षात्कार झाला, की इंदूरचा स्वतःचा चॅट सर्व्हर नाही म्हणूनच इंदूर मागे पडलंय. शहरातल्या कापडाच्या मिली एकामागून एक बंद पडल्या होत्या, त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. "भिया, सारी दुनिया दुसऱ्यांच्या सर्व्हरवर गप्पा हाणते, अपन क्या सिर्फ पोहे खाते बैठें?" असं तो मला म्हणाला. मी बाईमाणूस, पण तो सगळ्यांनाच भिया, म्हणजे इंदुरी 'भैया', म्हणे, एक स्वतःची सासू सोडून.

कॅफे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे जुन्या राजेलोकांच्या समाध्यांजवळ होता. मी तिथली सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणारी. एक जुनं मशीन पुसून घेतलं आणि सर्व्हर बसवायला लागले. त्याची एक फाइल असे. तिच्यात कुणाला आत घ्यायचं त्याची एक ओळ, कुणाला हाकलायचं त्याची दुसरी, आणि साहेब कोण त्याची तिसरी. कुठे एक विसर्गासारखा कोलन राहून गेला, की सर्व्हर सुरूच व्हायचा नाही, आणि का ते सांगायचाही नाही. आमच्या घरात असे दोघे होतेच, त्यामुळे मला सवय होती.

सर्व्हर सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी बोंब झाली. एक नाव एकालाच मिळतं असा सर्व्हरचा कायदा, आणि आमच्या शहरात चॅटवर आलेल्या प्रत्येकाला नाव हवं ते 'भिया'. ज्याला मिळालं तो उठेचना. बाकीचे चिडून कॅपिटल अक्षरांत शिव्या घालू लागले. चॅटमध्ये कॅपिटल म्हणजे ओरडणं. मालक म्हणाला, "अपने यहाँ शरीफ लोग बैठते हैं, याला काही तरी आळा घाल." मग मी नियम टाकला: अख्खी ओळ कॅपिटलमध्ये लिहिली, की माणूस आपोआप चॅटच्या खोलीबाहेर. जाताना त्याला आणि सगळ्यांना दिसायचा एक निरोपही टाकला: 'चिल्ला मत भिया, कान सलामत हैं.' मालकाला तो इतका आवडला की तो गिऱ्हाइकांना मुद्दाम ओरडायला लावून दाखवायचा.

आता घरातल्या दोघांबद्दल. एक माझे बाबा, दुसरी माझी ताई.

आजोबा महूला फौजेत होते, बाबा मात्र मिलच्या विणाईखात्यात. आयुष्यभर मागांच्या धडधडाटात उभं राहून त्यांचे कान गेले. मिल बंद झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता घरात शांतता येईल. शांतता फक्त बाबांना आली, आम्हाला त्यांचं ओरडणं आलं. ताई तोवर पुण्याला गेली होती, तिला यातलं काही दिसलं नाही. पुढे त्यांना राजेंद्र नगरात एका बिल्डिंगवर चौकीदारी मिळाली. बहिरा चौकीदार कोण ठेवेल? म्हणून त्यांनी आईला आणि मला शपथ घातली: ही गोष्ट कुणालाही, अगदी ताईलासुद्धा सांगायची नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, हे खरंच होतं.

ताईने पुण्यात न विचारता लग्न केलं होतं. तरी बाबांनी त्या आनंदात गल्लीत जिलबी वाटली. पण तिचा फोन आला की ते चपला घालून बाहेर पडत, कारण फोनवर त्यांना एक अक्षर ऐकू यायचं नाही. तिला वाटलं, बाबा रागावलेत. मी म्हणायचे, "नाही गं." ती म्हणायची, "मग फोनवर का येत नाहीत?" आणि माझ्या तोंडाला शपथेचं कुलूप. आता तिला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण, आणि तिने आईला ठणकावलं होतं की बाबा स्वतः बोलावतील तरच माहेरी येईन. आई रोज बाळंतविड्याची दुपटी शिवायची आणि रोज रडायची. मला दोघांचाही भयंकर राग येत होता.

मग एका दुपारी डोक्यात प्रकाश पडला. चॅटला कान लागतच नाहीत! ताईला पुण्याहून सर्व्हरवर बोलावलं आणि बाबांना कॅफेत आणून बसवलं.

मी जोडणी करत होते तेवढ्यात बाबांनी कीबोर्ड तपासायला घेतला. इंग्रजी अक्षरं ते मिलमधल्या कापडाच्या गाठींवरचे छाप बघून शिकलेले, म्हणजे फक्त मोठी. कीबोर्डवरही मोठीच. पण बटण दाबलं की पडद्यावर भलतंच बारीक काही उमटत होतं. "मशीन खराब आहे," असं जाहीर करून त्यांनी ज्याच्यावर दिवा लागतो ते बटण दाबलं. मशीन सुधारलं.

ताई चॅटवर आली. बाबांनी एकेक इंग्रजी अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं: 'जय भीम'. दुसऱ्या क्षणाला ते बाहेर.

"काय लिहिलंय ते?" त्यांनी विचारलं.

मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, भरल्या कॅफेत, कोकलून सांगावं लागलं, "चिल्ला मत भिया! कान सलामत हैं!"

सगळे वळून बघायला लागले. मालक खूश झाला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. नियम काढायला उठले तर बाबांनी मनगट धरलं. "बस. पुन्हा आत घाल मला. गेटवरून हाकलल्यावर घरी जाणारा मी नाही."

मग तसंच चाललं. एक ओळ, एक हकालपट्टी. 'मी रागावलो नाही.' बाहेर. मी परत आत घातलं. 'मला ऐकू येत नाही.' बाहेर. तेही त्यांनी अक्षर अक्षर ओरडून लिहिलं, आणि शपथ घालून दडवलेली गोष्ट अर्ध्या कृष्णपुऱ्याला कळली. कॅफेत कुणी हसेना. भिया नाव बळकावून बसलेल्याने आपला हेडफोन काढून ठेवला.

मग ताईची ओळ आली, साध्या बारीक अक्षरांत. 'मग फोनवर हे सांगायचं ना बाबा.'

बारीक अक्षरं बाबांना येईनात, म्हणून मी ती कानाशी ओरडून वाचली आणि ते चिडले. 'फोनवर कसं सांगू. ऐकू येत नाही ना.' बाहेर. परत आत. 'घरी ये.' बाहेर.

त्यांना पुन्हा आत घेईपर्यंत सर्व्हरच्या पडद्यावर ताईचं उत्तर येऊन गेलं होतं, सगळं कॅपिटलमध्ये: 'येते.' आणि त्याखाली सर्व्हरने तिलाही हाकलल्याचा तोच निरोप.

बाबा आपल्या पडद्यावरच्या रिकाम्या खोलीकडे बघत होते. "गेली का? रागावली?"

मी पूर्ण ताकदीने ओरडले, "येते म्हणाली, बाबा!"

"मग ओरडतेस कशाला," बाबा म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी माझी ओढणी घेतली.