घोड्याविना पोचलेला राजा

प्रागच्या स्टुडिओत द्राहोमीराची उभी हयात परीकथांच्या चित्रपटांचं संकलन करण्यात गेली होती. त्या वर्षी नाताळसाठी एका जुन्या कादंबरीवर चित्रपट बनत होता. तळ्याचा राजा माणसांत राहायला गेलेल्या आपल्या आजारी भावाला भेटायला पायी निघतो, अशी गोष्ट. कादंबरीत तो पोचतो तेव्हा भाऊ गेलेला असतो. दिग्दर्शक रादिमने मात्र ऐन शेवटी राजाला उडता घोडा देऊन वेळेवर पोचवलं होतं.

"हा घोडा आला कुठून रे?" द्राहोमीराने विचारलं. "अर्धा चित्रपट बिचारा चिखल तुडवतोय. घोडा होता तर आधीच का नाही बसला?"

"बाई, परीकथा आहे. एवढं कोण बघतं?"

"मुलं बघतात. जादूलाही काही धरबंध हवा की नको?"

"मग काय, नाताळात पोरांना रडवू?"

तिने पडद्यावरचा घोडा तिथेच थांबवला. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा भाऊ ओल्द्रिख मोराव्हियातल्या गावी असाच अंथरुणाला खिळला होता. निरोप मिळताच ती निघाली, पण बर्फात गाडी अडकली. पुढची वाट तिने चालत काढली. दारात वहिनी उभी होती, ब्लाझेना. "झालं सगळं," एवढंच म्हणाली आणि आत वळली. त्यानंतर दोघींत तो विषय कधी निघालाच नाही.

द्राहोमीराने घोडा काढून शेवट नव्याने जोडला. एका दृश्यानंतर राजा झालेला नट दमून भावाच्या रिकाम्या खाटेशी टेकून बूट काढत बसला होता, आणि कॅमेरा चालूच राहिला होता. तो तुकडा तिने शेवटी लावला.

रादिमने तो पाहिला. पुन्हा लावायला सांगितला.

"हा इथे अभिनय करतच नाहीये."

"नाहीच करत."

"निर्माता माझा जीव घेणार," रादिम म्हणाला. पण घोडा गेला तो गेलाच.

पहिल्या दुपारच्या खेळाला तिने वहिनीला बोलावलं. चित्रपट संपला. लहान मुलं मुसमुसत आयांना बिलगली होती. बाहेर पडल्यावर ब्लाझेना थांबली.

"त्या दिवशी तू चालत आली होतीस का गं?"

"गाडी अडकली होती, वहिनी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं?"

"मला वाटलं, तुला काम सोडवलं नाही म्हणून उशीर केलास." ब्लाझेनाने डोळे पुसले. "इतकी वर्षं मी मनात राग धरून बसले. दमून आलेल्या बाईला साधं बस म्हणाले नाही."

 वहिनीने द्राहोमीराचा गारठलेला हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला. दोघी तशाच ट्रामच्या थांब्याकडे चालू लागल्या.