भोकाचा पैसा

दर रविवारी कोपरापर्यंत ग्रीस फासून मी घरी आले, की शेजारच्या वहिनी गॅलरीतून ओरडायच्या, “आल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून?” खोटं कशाला बोलू, भाजतच होतो. लातूरची छोटी लाइन बंद झाली, रूळ उखडले, त्या जागी क्लासेस आणि होस्टेलं उभी राहिली, आणि जुन्या यार्डाच्या कोपऱ्यात वाफेचं एक लहानसं इंजिन बाभळीत गंजत पडलं. ते निदान बघण्याजोगं करावं म्हणून आम्ही पाच जण खपत होतो. निवृत्त झालेले एक फिटर, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, एक वेल्डर, बँकेतले दोघं, आणि क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी मी. पगार नाही, चहासुद्धा ज्याचा त्याचा.

मला इंजिनाचं प्रेमबिम नव्हतं. मला त्याची शिट्टी हवी होती, दादांसाठी.

दादा म्हणजे माझे वडील, त्याच इंजिनावरचे ड्रायव्हर. त्या लाइनीवर प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी द्यायची आपली एक तऱ्हा असायची. गावाजवळचं फाटक आलं की दादा दोन लांब आणि एक आखूड द्यायचे. ती ऐकली की आई चुलीवर तवा ठेवायची. दादा हातपाय धुऊन भिंतीशी बसेपर्यंत पहिली भाकर ताटात. दुसऱ्या कुणाच्या शिट्टीला ती कधी फसली नाही.

गौरी-गणपतीला आई माहेरी गेली होती, औशाच्या पलीकडं. “विसर्जन झालं की येते,” म्हणाली. विसर्जनाच्या रात्रीच, पहाटे भूकंप झाला आणि मामाचं माळवदाचं घर सगळ्यांना घेऊन बसलं. मी तेव्हा अकरावीत होते. त्यानंतर दादांनी नोकरीत नियमापुरती शिट्टी दिली, आपली अशी कधीच नाही. पुढं डिझेल आलं, मग निवृत्ती. आणि आता, एवढ्या वर्षांनी, चहा पिता पिता एकदम म्हणाले, “एक डाव वाजवावी वाटायलंय.”

दादांनी उभ्या जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी कंबर कसली.

रेल्वेवाले बॉयलर पेटवू देणार नव्हतेच. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून शिट्टी हवेवर वाजवायची ठरली. शिट्टी काढून साफ करायच्या कामाला मी कुणाचा हात लागू दिला नाही. मला घाणीचा भारी तिटकारा. शिट्टीच्या पितळी पेल्याखाली हिरवा पडलेला एक भोकाचा पैसा निघाला, तो जुना, मधे भोक असलेला. कुण्या येड्यानं वायसर म्हणून कोंबला असेल, असं म्हणून मी तो भंगाराच्या डब्यात टाकला, नवाकोरा वायसर बसवला, पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं. डबा भंगारवाल्यानं नेला.

दादांना रिक्षातून आणलं. त्यांनी शिट्टी पाहिली, साखळी ओढली. काहीतरी किंचाळलं. त्यांनी साखळी सोडून दिली.

“माझा पैसा कुठंय?”

मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, “तो मी कानशीनं घासला होता, बाई. जरासा घासायचो, वाजवायचो, घरी येऊन तुझ्या आईला इचारायचो, जमली का. ती म्हणायची, अजून न्हाई. वरीस गेलं तव्हा कुठं ‘हाव’ म्हणाली.”

नळीतली हवा आणि तिचा सूर मी रोज दीडशे पोरांना शिकवते. एवढ्याशा जाडीनं आवाज बदलतो, हे फळ्यावर लिहून देते. जळो ते शिकवणं! मी भंगाराची चार दुकानं पालथी घातली. नाही मिळाला. क्लासच्या कामानं नांदेडला गेले तेव्हा सराफ्यात भोकाचा पैसा हुडकून आणला आणि दादांच्या हातावर ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला. “जाड हाय,” म्हणाले, आणि चाचांकडं कानस मागितली.

“पण कळणार कसं?” मी विचारलं. “जवळून सगळंच मोठं वाजतं.”

“म्हणून तर. तू घरी जाऊन ऐक.”

मग दर रविवारी हेच. दादा यार्डात कानस घेऊन, मी घरी ओट्याशी. दोन लांब, एक आखूड. ते आले की मी म्हणायचे, “अजून न्हाई.” खरं सांगायचं तर मला काही आठवतच नव्हतं. आईचा कान माझ्याकडं कुठला? मी अंदाजानं म्हणत होते, आणि धास्ती एकच, की एक दिवस म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून मी खोटंच ‘हाव’ म्हणेन. चाचा म्हणाले, “बेटी, किती घासायला लावतीस? पैसा संपून जाईल.”

त्या रविवारी मी पेपर तपासत बसले होते. एक पोरगं सोपं गणित चुकलं होतं, त्याच्यावर चिडले होते. बाहेर होस्टेलच्या पोरांचा कालवा. मधेच शिट्टी झाली. मी मान वर केली नाही, चुकलेल्या ओळीवर लाल रेघ मारली, उठले.

भानावर आले तेव्हा गॅसवर तवा तापला होता, परातीत ज्वारीचं पीठ होतं आणि माझे हात मनगटापर्यंत पिठात होते.

आई गं! मी तिथंच उभी राहून रडले. पण भाकर थापली. थांबून चाललं नसतं, रिक्षा यायला दहा मिनिटं लागतात.

दादा दारात आले. चपला काढता काढता तोंड उघडलं, नेहमीचं विचारायला. मग त्यांना वास आला. त्यांनी तव्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं.

मोरीत जाऊन हातपाय धुतले आणि भिंतीशी, त्यांच्या जुन्या जागी, खाली जाऊन बसले.