मोरीतली जर्मन रायफल

आमच्या घरात आजवर झालेला सर्वांत मोठा सशस्त्र हल्ला म्हणजे पप्पांनी झुरळावर फेकलेली चप्पल. झुरळ वाचलं, आईच्या कपाळाला टेंगूळ आलं. अशा घरात गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात एक जर्मन लष्करी रायफल दाखल झाली.

ती पप्पांनी आणली. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी विभागात होते. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू ते व्हर्नियर कॅलिपरने मोजतात. (आईच्या चकल्यासुद्धा. त्या दिवाळीला आई त्यांच्याशी तीन दिवस बोलली नव्हती.) दर दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा म्हणजे पाटावर तो व्हर्नियर, दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि स्कूटरची किल्ली. समोरच्या जाधवकाकांकडे मात्र पणजोबांची तलवार! दरवर्षी ते ती मुद्दाम दार उघडं ठेवून पुजतात, आणि दरवर्षी पप्पा आमचं दार लावून घेतात.

बुधवारी पप्पा गोदाकाठच्या बाजारातून परतले, तेव्हा स्कूटरवर त्यांच्या मागे चादरीत गुंडाळलेलं, दोरीने त्यांच्या पाठीला बांधलेलं कोणीतरी बसलं होतं.

"अहो, कोणाला आणलंत?" आईने पायरीवरूनच विचारलं.

"आत चल, सांगतो. दार लाव."

चादर सुटली. आईच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. मी भिंतीला टेकले.

"जर्मन आहे," पप्पा म्हणाले. "महायुद्धातली. जुन्या सामानाचा एक चाचा बसतो, त्याच्याकडे पडून होती. आपली ऋतू जर्मनीला निघाली, घरात त्यांची एखादी वस्तू नको?"

हा युक्तिवाद मला आजही कळलेला नाही. मला जर्मनीत प्रवेश मिळाला होता, हे खरं. कॉलेजने पासपोर्टची प्रत मागितली होती आणि तारीखही दिली होती, महिनाअखेरची. पासपोर्ट अडला होता पोलीस व्हेरिफिकेशनवर. हवालदार घरी येतात, कागद बघतात, आजूबाजूला चौकशी करतात, मग अहवाल जातो. तो गेला नाही, तर माझी जागा दुसऱ्याला. म्हणजे संपूर्ण नाशिकमध्ये ज्या एका घरात त्या आठवड्यात बंदूक असायला नको होती, ते आमचं!

पण हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. कारण पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, तपासायला घे. तुला जर्मन येतं ना?"

मला जर्मन येतं, म्हणजे मी पहिली पातळी पास आहे. मी जर्मनीत कॉफी मागू शकते आणि स्टेशन कुठे आहे हे विचारू शकते. (उत्तर समजणं दुसऱ्या पातळीत येतं.) पण मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे एबीसीडीत लिहिलेलं जगातलं काहीही मला वाचता येतं, अशी आमच्या घराची श्रद्धा आहे. आणि मला नाही म्हणता येत नाही. शाळेत मी चुकीच्या वर्गात बसून पूर्ण तास काढला आहे, कारण उठून सांगायला लाज वाटली.

मी दोन दिवस जुन्या रायफली जमवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले. दाढीवाले गोरे आजोबा एकेक स्क्रू कुरवाळत बोलत होते. वहीत मुद्दे काढले. एक : सगळ्या भागांवरचे नंबर एकच असले पाहिजेत. जुळले तर वस्तू अस्सल आणि दुर्मिळ. दोन : गरुडाचं चिन्ह हवं. तीन : नळीतून उजेड बघायचा, आत पिळाच्या रेषा दिसल्या पाहिजेत.

शुक्रवारी तपासणी झाली. पप्पा व्हर्नियर घेऊन, मी वही घेऊन, आई लांबून.

"नळीवरचा नंबर?"

मी वाचला.

"मागच्या खटक्यावरचा?"

"पप्पा, तोच!"

"लाकडावरचा?"

"तोच!!"

पप्पांचा श्वास जड झाला. मी भिंग लावून पुन्हा बघितलं. तिन्ही ठिकाणी फक्त नंबरच नाही, शेवटच्या आकड्याशेजारचा बारीक तिरका ओरखडाही सारखाच होता. तीन भाग, तीन ओरखडे, एकाच लांबीचे, एकाच जागी. मी तो मुद्दाम दाखवला. मला निरीक्षणशक्ती आहे, असं शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी लिहून यायचं.

पप्पांनी व्हर्नियर लावला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

"ही जर्मन क्वालिटी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ओरखडासुद्धा टॉलरन्समध्ये, केसाचाही फरक नाही!"

गरुड होता. थोडा कबुतराकडे झुकलेला होता, पण युद्धात सगळ्यांचेच हाल झाले असणार. नळीतून उजेड दिसला नाही. मी लिहिलं, "धुळीने बंद." हलवल्यावर आत खसखस आवाज आला. मी लिहिलं, "आतील भाग मोकळे व हलते."

मग पप्पांनी तीस वर्षांच्या सवयीने मागितलं, "सर्टिफिकेट दे. तपासणी झाली की सर्टिफिकेट निघालंच पाहिजे."

मी दिलं. कोऱ्या कागदावर, सुवाच्य इंग्रजीत : ही अस्सल जर्मन लष्करी रायफल आहे, सर्व भाग मूळचे आहेत, आणि हत्यार चालू स्थितीत असावे. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. पप्पा ते चौकातून लॅमिनेट करून आले.

दसऱ्याच्या सकाळी रायफल पाटावर विराजमान झाली. हळद, कुंकू, झेंडूचा हार. व्हर्नियर शेजारी, धाकट्या भावासारखा. पप्पांनी दार सताड उघडलं आणि जाधवकाका तलवार घेऊन गॅलरीत कधी येतात याची वाट बघत ते उभे राहिले.

आई नैवेद्याची वाटी ठेवता ठेवता म्हणाली, "का हो, याला लायसन नाही का लागत?"

पप्पांनी दार लावलं.

मी मोबाइल उघडला. वाचलं. खाली सरकवलं. आणखी वाचलं.

"काय म्हणतंय?" आई.

"तुरुंग म्हणतंय."

"कोणाला?"

"ज्याच्याकडे सापडेल त्याला."

"परत करा ती!" आई ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

"चाचा फक्त बुधवारी बसतो गं!"

आणि मोबाइल माझ्या हातातच वाजला. "मॅडम, गांगुर्डे हवालदार बोलतोय. पासपोर्टचं व्हेरिफिकेशन. ठाण्यातली शस्त्रपूजा उरकली, तुमचं घर वाटंतच हाय. धा मिनटात येतो."

मी "या" म्हणाले.

पुढची दहा मिनिटं मी कोणाला सांगणार नव्हते. रायफल दिवाणात मावेना, आत गाद्या. कपाटावर ठेवली तर नळी पंख्याला लागायची. पप्पांनी ती पडद्याच्या दांडीच्या जागी बसवायचा प्रयत्न केला, मापही घेतलं, आठ सेंटिमीटर जास्त भरली! शेवटी आईने ती हिसकावली, मोरीत नेली, बादलीत उलटी उभी केली आणि वरून फरशीचं ओलं फडकं टाकलं. "पोछा आहे," ती म्हणाली. "पोछ्याकडे कोण बघतं?"

गांगुर्डे हवालदार आले. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या काका, सोन्यासारखं ऱ्हावा!"

पप्पांनी पानं दोन्ही हातांनी घेतली आणि परत द्यायलाच विसरले. आईने श्रीखंड-पुरीचं ताट समोर ठेवलं. हवालदार तोंडभर हसले, खाऊ लागले. "पोरगी परदेशात चालली, लय भारी. आसपास विचारलं मी, समदे म्हणत्यात पोरगी तोंडातून शब्द काढत नाय. चांगलं हाय. कागदं द्या."

पप्पांनी फाइल दिली. महत्त्वाच्या कागदांची, निळी. दाखला, मार्कशीट, आधार, लाइट बिल. हवालदार डाव्या हाताने एकेक उलटत होते. मी मनात पाढे म्हणत होते. मग काहीतरी चकाकलं.

लॅमिनेशन.

पप्पांकडे बघितलं. पप्पा छताकडे बघत होते. महत्त्वाचे कागद फाइलमध्येच लावायचे, हा नियम त्यांनीच घरात लावला आहे!

"ओरिजिनल..." हवालदार एकेक शब्द जुळवत वाचू लागले. "जर्मन..." आईने पदर तोंडाला लावला. "मिलिटरी..." पप्पा खाली बसले. "रायफल."

पुरी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"मॅडम, सही तुमचीच हाय?"

आता कोणीही शहाण्या मुलीने काहीतरी रचलं असतं. शाळेचा प्रोजेक्ट आहे, नाटक आहे, काहीही. मी म्हणाले, "हो." आणि वर पुटपुटले, "मोरीत आहे."

हवालदार उठले. मोरीच्या दाराशी आम्ही तिघं रांगेत उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. त्यांनी फडकं दोन बोटांनी उचललं. कुंकू ओघळून नळी लालभडक झाली होती. आई तिथेच रडायला लागली, "साहेब, ते रक्त नाही हो, पूजेचं आहे!"

त्यांनी रायफल उचलली. हलवली. खसखस. नखाने टकटक केलं, वास घेतला. मग खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून ओरबाडलं. काळ्या रंगाखाली पिवळं फायबर दिसलं. मला वाटलं, जर्मन लोक काळाच्या किती पुढे होते!

"काका," हवालदार म्हणाले, "ही शूटिंगची हाय."

"काय?"

"मागं एका सिरियलीचं शूटिंग झालतं आमच्या हद्दीत. अशा वीसेक आल्या व्हत्या, मीच मोजून आत-बाहेर सोडल्या. वजनाला आत वाळू भरत्यात. नळी भरीव. नंबर बघा, एका साच्यातून काढलं की सगळीकडं तोच येनार. ह्यो वरखडा हाय ना, ह्यो साच्याला हाय. वीसच्या वीसांवर असाच!"

पप्पांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे..." पप्पा म्हणाले. तुरुंग टळला होता, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. तीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून जात असावी. "मग टॉलरन्स?"

"टालरन्सचं मला नाय माहीत. मला गुन्ह्याला हत्यार लागतंय. बादलीतल्या पोछ्यावर कलम नाय आपल्याकडं."

ते बाहेर येऊन बसले, उरलेली पुरी खाल्ली आणि माझ्या अर्जावर शेरा मारला : प्रतिकूल काही आढळले नाही. सर्टिफिकेटचा मात्र त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. "ठाण्यात दाखवतो. दसऱ्याचं सनासुदीचं पोरं हसतील."

दारात बूट घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, जर्मनीला शिकायला कशाचं चाललात?"

पप्पा माझ्याकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. मला अचानक आठवलं की गॅसवर दूध आहे. (नव्हतं.)

पासपोर्ट वेळेत आला. रायफल आता खरंच पोछा आहे, पकड चांगली आहे. आणि दोन वर्षांनी मी परत येईन ती वस्तू अस्सल की सदोष हे नुसतं बघून ओळखणारी, क्वालिटी इन्स्पेक्शनची मास्टर्स होऊन. मूळ जर्मन!