गोराईच्या वाळूत निखळलेलं चाक

बाकीच्या केसेस आता पुसट झाल्या, पण गोराईच्या किनाऱ्यावरची ती घटना जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. वाळूवर भाड्याने फिरवायच्या एटीव्हीचं, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या गाडीचं, मागचं चाक भर वेगात निखळलं आणि चालवणाऱ्या कॉलेजच्या मुलीचा पाय मोडला. आमच्या ठाण्यात निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला.

लगेच निनावी फोन आला. ‘‘साहेब, मागची चाकं मुद्दाम बाहेरच्या बाजूला सरकवून बसवलीत. मुलुंडच्या गाळ्यात काम झालंय, बघा जरा.’’

तो गाळेवाला मेकॅनिक आणि एटीव्हीचा मालक एकाच चाळीत वाढलेले दोस्त. मेकॅनिकला अटक झाली तर त्याचा गाळा कायमचा बंद पडणार होता. तरी चौकशीत गडी शांत होता.

‘‘साहेब, गाडी वळणावर कलंडायची. म्हणून मागे दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे स्पेसर टाकले, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं त्या हबच्या मधल्या चकत्या. धातूला धातू भिडला पाहिजे, मधे काही नको. जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने नट आवळले, फेरी मारून परत आवळले. ह्या दोस्तालाही बोललो, नट तपासत जा रे.’’

मग पंचांसमक्ष दुसऱ्या बाजूचं चाक उघडलं. स्पेसरच्या दोन्ही अंगांना केशरी ऑइलपेंटचा जाड थर होता. हाच रंग दबून नट सैल पडले होते. मालकाने मान खाली घातली. मेकॅनिक त्याच्याकडे बघून म्हणाला, ‘‘रंग मीच लावला साहेब. लिहून घ्या.’’

गुन्हा नाकारणारे आम्हाला रोजचेच. असा धावून अंगावर घेणारा भेटला की पोलीस जास्त सावध होतो. ‘‘आत्ताच मधे काही नको म्हणालास ना? मला वेड्यात काढतोस?’’ मी खडसावलं. दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप उघडलं ते मालकाच्या वडिलांनी. कोकणातले, जुने गिरणी कामगार. कुणाकडून तरी कळलं म्हणून स्वतःच ठाण्यात आले होते. गिरणीत दसऱ्याला मशीन धुऊन, केशरी रंगवून पुजायची त्यांची पद्धत दोघा पोरांना लहानपणापासून ठाऊक. खाऱ्या हवेत लोखंड उघडं राहू नये म्हणून त्या वर्षी त्यांनी मुलाच्या गाडीची चाकं काढून आतल्या चकत्याही रंगवल्या आणि चाकं हाताने आवळून बसवली. किती मायेने केलं असेल!

‘‘आबा, तुम्ही कशाला आलात?’’ मेकॅनिक रडायलाच लागला. ह्या म्हाताऱ्याच्या घरी तो लहानपणी जेवला होता. मलाही गलबलून आलं. हल्ली अशी चाळीतली माणसं आठवली की जीव हळवा होतो.

आबांनी मात्र दोघांना झापलं. ‘‘माका वाचवूक धावलात. त्या पाय मोडलेल्या चेडवाक बघूक कोण गेलो काय?’’

कोणीच गेलं नव्हतं. आमचा हवालदार मुलीकडे गेला होता, पण जबाब घ्यायला.

नट न तपासता गाडी भाड्याने दिली म्हणून दोषारोप मालकावर ठेवला, मेकॅनिक सुटला. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, आम्ही सगळे हॉस्पिटलात गेलो. आबा मुलीच्या उशाशी उभे राहिले.

‘‘आजोबा, तुम्ही कोण?’’ तिने विचारलं.

‘‘चाक रंगवणारो तो मीच गो, बाय,’’ ते म्हणाले आणि हात जोडले.

पुढे नोकरीभर अपघाताची खबर आली की मी आधी जखमीच्या खाटेशी जायचो. चूक कोणाची, हे त्यानंतर विचारायचो.